आधी गेन, मग गेट: सभागृहातला माईक लावताना

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका व्याख्यानमालेत मी मिक्सरवर बसले होते. वक्ते सत्तरीचे, आवाज मऊ, आणि वाक्य संपता संपता खाली उतरणारा. सभागृहात डोक्यावर बारा पंखे. त्यांची घरघर स्पीकरमधून येऊ नये म्हणून मी वक्त्यांच्या माईकवर नॉइज गेट (आवाज ठरावीक पातळीखाली आला की माईक आपोआप दाबणारी मिक्सरमधली सोय) लावला होता, तोही चांगला कडक. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक काका तावातावाने पुढे आले. "तुम्हीसुद्धा असलं समर्थन करता म्हणजे कमाल झाली!" वक्ते गोंधळले. ते म्हणाले होते, "या मताशी मी सहमत नाही." काकांपर्यंत पोचलं होतं, "या मताशी मी सहमत." उरलेला शब्द माझ्या गेटने गिळला होता.

मराठीत होकार की नकार याचा निकाल बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर लागतो, आणि नेमका तोच शब्द माणूस सगळ्यात हळू म्हणतो. त्या दिवसापासून मी गेटला हात लावण्याआधी गेन दोनदा तपासते. मंडळाच्या, ग्रंथालयाच्या किंवा शाळेच्या कार्यक्रमात "तुला कंप्युटर येतो ना, मग मिक्सरवर बस" असं सांगून ज्यांना बसवलं जातं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्यासमोर आठ-सोळा चॅनलचा मिक्सर आहे असं धरलंय. साधा ॲनालॉग असेल तर त्यावर बहुधा गेट नसेलच. मग गेनपर्यंतचा भाग वाचा, तुमचं बरंचसं काम तिथेच होतं.

गेन म्हणजे आवाज मोठा करायचं बटण नव्हे

माईकमधून येणारा विजेचा सिग्नल फार क्षीण असतो. १९६६ पासून बाजारात असलेला आणि आजही जवळजवळ प्रत्येक साऊंडवाल्याच्या पेटीत सापडणारा शुअर एसएम५८ हा माईक घ्या. त्याच्या जाळीवर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज पडला, तरी तो जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट देतो. एवढ्याशा सिग्नलवर मिक्सरला काहीच करता येत नाही. त्याला कामाच्या पातळीवर उचलून आणतो तो गेन, चॅनलच्या अगदी वरच्या टोकाचा नॉब.

विहिरीवरची मोटर आणि घरातला नळ यांत जो फरक, तोच गेन आणि फेडरमध्ये, म्हणजे चॅनलच्या खालच्या टोकाच्या सरकत्या पट्टीमध्ये. मोटर पाणी टाकीत चढवते, नळ ते हवं तेवढं सोडतो. टाकी ओसंडून वाहिली तर नळ बारीक करून काय होणार? तसंच गेन जास्त होऊन आवाज फाटला की फेडर खाली ओढून उपयोग नाही. फाटलेला आवाज फक्त हळू ऐकू येईल, फाटलेलाच राहील. उलट गेन फार कमी ठेवून फेडर आणि ॲम्प्लिफायर वर चढवला, तर सिग्नलबरोबर मिक्सरची स्वतःची सळसळही वर येते. नवखी मंडळी पहिली चूक टाळायला बघतात आणि दुसरीत अडकतात.

माईक कुठे आहे ते आधी बघा

नॉबला हात लावायच्या आधी स्टेजवर जा. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणजे निम्मा होतो. वक्त्याला माईक चार बोटांवर दिला आणि तो आठ बोटांवर सरकला, की तुमचा गेन तुम्ही न हलवताच चुकला. म्हणून उंची आणि कोन आधी पक्का करा, स्टँडचा स्क्रू नीट आवळा. हळू घसरत खाली जाणारा स्टँड कार्यक्रमाच्या विसाव्या मिनिटाला सगळं गणित बिघडवतो. हातात माईक धरणाऱ्यांना एवढंच सांगा, की जाळी मुठीत धरू नका. मुठीत धरली की माईक मागचाही आवाज घेऊ लागतो आणि शिट्टी लवकर सुरू होते.

मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माईकच्या शेपटीच्या दिशेला ठेवा. एसएम५८ सारख्या कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणाऱ्या, माईकला बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकू येतं. सुपरकार्डिऑइड (समोरच्या आणखी अरुंद पट्ट्यात ऐकणारा) असेल तर त्याची बहिरी बाजू थेट मागे नसते, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत असते. तेव्हा मॉनिटर थोडा बाजूला सरकवा.

कंडेन्सर माईक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सरने माईकच्या केबलमधूनच पुरवलेली वीज, लागतो. फँटम चालू-बंद करताना चॅनल म्यूट ठेवा, नाहीतर जो धाडकन आवाज होतो त्याने स्पीकर आणि पहिल्या रांगेतले पाहुणे दोघांचीही परीक्षा होते.

गेन लावायची रीत

सगळे फेडर खाली, ॲम्प्लिफायर अजून बंद. चॅनलचा गेन पूर्ण डावीकडे. लो-कट, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज कापणारं बटण, असेल तर दाबा. बोलण्यासाठी ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काही लागत नाही. तिथे फक्त पावलांची धपधप, स्टँडचे धक्के आणि पंख्याचा वारा असतो. ही पायरी पुढे गेटसाठीही कामाला येते, कारण ही धपधप आत राहिली तर गेट तिच्याचमुळे उघडतो.

आता चॅनलवरचं पीएफएल किंवा सोलो बटण दाबा. मीटर फक्त त्या चॅनलची पातळी दाखवेल. माईकवर माणूस उभा करा. इथे बहुतेक ठिकाणी घोळ होतो. उभा राहिलेला स्वयंसेवक माईकवर टकटक करतो, फुंकर मारतो आणि "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक दोन तीन" म्हणून पळतो. त्यावर लावलेला गेन त्या स्वयंसेवकापुरता बरोबर. प्रत्यक्ष बोलणाऱ्यालाच बोलवा, आणि त्याला आकडे म्हणायला लावू नका. "भाषणाची पहिली चार वाक्यं म्हणा", "अभंगाचा वरचा चरण म्हणा" असं सांगा. बुवांना तारसप्तकात जायला सांगा. संकोच करतील, पण सांगा. कार्यक्रमात गर्दी समोर आली की प्रत्येकाचा आवाज चाचणीपेक्षा चढतोच.

बोलणं चालू असताना गेन हळूहळू चढवा. ॲनालॉग मिक्सरवर मीटर शून्याच्या आसपास खेळायला हवा, मोठ्या शब्दाला थोडा वर गेला तर चालतो. लाल पीक दिवा लागता कामा नये. बऱ्याच मिक्सरवर तो खरं फाटण्याच्या काही डेसिबल आधीच लागतो, त्यामुळे एखाद्या हशाला लुकलुकला तर घाबरू नका, पण सारखा लुकलुकत असेल तर गेन कमी करा. डिजिटल मिक्सरवर शून्य ही वरची भिंत असते, त्यापलीकडे जागाच नाही. तिथे नेहमीचं बोलणं उणे १८ च्या आसपास ठेवा आणि सगळ्यात मोठा शब्द उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. मीटर अर्धाच भरलेला दिसतो म्हणून हात शिवशिवतो. आवरा. वरची मोकळी जागा टाळ्या मिळाल्यावर चढणाऱ्या आवाजासाठी आहे.

आकडे किती येतील? चार बोटांवरच्या एसएम५८ ला बोलण्यासाठी साधारण ३५ ते ४५ डेसिबल गेन लागतो, खड्या गळ्याच्या गायकाला ३० च्या आसपास पुरतो. कंडेन्सरला बराच कमी. रोड एनटी१-ए सारखा स्टुडिओ माईक त्याच आवाजाला २५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एसएम५८ च्या तेरापट. गेनच्या भाषेत २२ डेसिबलचा फरक. म्हणून ऐनवेळी माईक बदलला तर गेन आधी खाली घ्या, मग पिन लावा. पखवाजासमोर गेन शून्यावर असूनही लाल दिवा लागत असेल, तर चॅनलवर पॅडचं, म्हणजे येणारा सिग्नल आधीच कमी करणारं, बटण आहे का बघा, किंवा माईक एक वीत मागे घ्या.

कॉर्डलेस माईकमध्ये गेन दोन ठिकाणी असतो. आधी कमरेच्या किंवा हातातल्या ट्रान्समीटरवरची सेन्सिटिव्हिटी लावा, रिसीव्हरवरचा दिवा लाल होत नाही ना ते बघा, आणि नंतरच मिक्सरवर या. ट्रान्समीटरमध्येच फाटलेला आवाज मिक्सरवर शिवता येत नाही.

आता फेडर शून्याच्या खुणेवर आणा आणि ॲम्प्लिफायर हळूहळू वाढवत सभागृहाला पुरेल इतका करा. फेडर शून्यापाशी ठेवण्यामागे कारण आहे. तिथे बोटभर हालचालीत काही डेसिबलच बदलतात, तर अगदी खालच्या टोकाला तेवढ्याच हालचालीत आवाज एकदम गायब होतो किंवा अंगावर येतो. शिट्टी वाजायला लागेपर्यंत एकदा मुद्दाम वर नेऊन बघा आणि तिथून ६ डेसिबल खाली या. तेवढं अंतर राहिलं तर रात्री झोप लागते.

गेट लावायचाच का?

गेटचं काम साधं आहे. सिग्नल ठरवलेल्या रेषेच्या वर असेल तर जाऊ द्यायचा, खाली आला की दाबायचा. या रेषेला थ्रेशोल्ड म्हणतात. पण गेट पंख्याचा आवाज काढून टाकत नाही. वक्ता बोलत असताना गेट उघडा असतो आणि शब्दांच्या बोटाला धरून पंखाही आत येतो. गेट फक्त मधल्या शांततेत दार लावतो. त्यामुळे एकाच वक्त्याच्या एकाच माईकवर त्याचा फायदा फार थोडा, आणि धोका सुरुवातीच्या त्या काकांनी दाखवला तेवढा.

खरा उपयोग अनेक माईक एकाच वेळी उघडे असतात तिथे. परिसंवादात सहा जणांसमोर सहा माईक असतात, बोलतो एक आणि बाकीचे पाच खोकणं, कागदाची चुरचुर आणि सभागृहाचा घुमारा गोळा करत बसतात. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा ३ डेसिबलने कमी होते. तिथे गेट कामाचा. तुमच्या डिजिटल मिक्सरवर ऑटोमिक्स असेल तर मात्र परिसंवादाला गेटऐवजी तोच वापरा. तो कुणाला खटकन बंद करत नाही, बोलणाऱ्याला वर आणि बाकीच्यांना खाली करत सगळ्यांची बेरीज एका माईकएवढी ठेवतो.

तानपुऱ्यावर गेट कधीच नको. पेटीवर नको, कारण भात्याची हवा संपताना सूर विरतो तो कापला जातो. आलाप घेणाऱ्या गायकावर नको. आणि घूं असा एकसुरी आवाज येत असेल, विशेषतः जनरेटरवर चालताना किंवा लॅपटॉपला चार्जर लावल्यावर, तर ती विजेची आणि अर्थिंगची भानगड आहे. चार्जर काढून बघा, कॉर्ड बदला, लॅपटॉप डीआय बॉक्समधून (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मधे लावायच्या छोट्या डबीतून) घ्या. रोग तिथे आहे, गेटने झाकू नका.

थ्रेशोल्ड: दोन आकडे कागदावर लिहा

लावायचाच ठरलं तर कागद-पेन घ्या. पंखे, एसी, जे कार्यक्रमात चालू असणार ते सगळं चालू करा. माईकजवळ कुणी बोलू नये, आणि मीटर बघा. समजा उणे ५४ दाखवतोय. हा तुमचा गोंगाट. आता वक्त्यांना सांगा, "सर, तुमच्या सगळ्यात हळू आवाजात एक वाक्य म्हणा." त्याचा शेवट कुठे येतो ते बघा. समजा उणे ३८. दोन्हींत १६ डेसिबलचं अंतर मिळालं. थ्रेशोल्ड यांच्या मधे, पण गोंगाटाच्या बाजूला झुकलेला ठेवा, म्हणजे उणे ४८ च्या आसपास. अंतर १० डेसिबलपेक्षा कमी निघालं तर गेटचा नाद सोडा. माईक तोंडाजवळ आणा किंवा त्यांच्या डोक्यावरचा एक पंखा बंद करा. या दोन्हींनी खरा फरक पडतो.

आता या आकड्यांकडे पुन्हा बघा, कारण नवख्यांचा घात इथेच होतो. कुणीतरी मागून ओरडलं, "आवाज वाढवा", आणि तुम्ही फेडरऐवजी गेन ६ डेसिबलने चढवला. गोंगाट उणे ५४ वरून उणे ४८ वर आला, म्हणजे थेट थ्रेशोल्डच्या रेषेवर. गेट आता पंख्याच्या तालावर उघड-मीट करू लागेल. उलट गेन ६ ने कमी केला, तर हळू शब्द उणे ३८ वरून उणे ४४ वर आला. रेषेच्या फक्त ४ डेसिबल वर. वक्त्यांनी मान थोडी वळवली की "नाही" गेला. गेन तसाच ठेवलात आणि वक्ते चार बोटांवरून आठ बोटांवर सरकले, तरी नेमकं हेच होतं.

फेडर मात्र गेटच्या नंतर येतो. तो कितीही वर-खाली करा, गेटला पत्ताही लागत नाही. म्हणून चाचणी झाली की मी गेनच्या नॉबांवर मास्किंग टेपची पट्टी लावून टाकते. डिजिटल मिक्सर असेल तर सीन, म्हणजे सगळ्या नॉबांची मांडणी, सेव्ह करते आणि शेजारी बसलेल्या उत्साही कार्यकर्त्याला फक्त फेडर दाखवते.

बाकीचे नॉब

रेंज म्हणजे दार बंद झाल्यावर आवाज किती दाबायचा. पुष्कळ मिक्सरवर हा आकडा आधीच फार मोठा ठेवलेला असतो, म्हणजे दार बंद म्हणजे पूर्ण सामसूम. बोलण्यासाठी १० ते १२ डेसिबल पुरे. पंखा पूर्ण नाहीसा होत नाही, पण शब्दागणिक येत-जातही नाही. कानाला खुपते ती ये-जाच, सततची मंद घरघर माणूस दोन मिनिटांत विसरतो. शिवाय गेट चुकून एखाद्या शब्दावर मिटला, तरी तो शब्द मंद का होईना ऐकू येतो. त्या दिवशी माझी रेंज १२ वर असती तर काकांचं रक्त तापलं नसतं.

अटॅक म्हणजे उघडायला लागणारा वेळ. बोलण्याला १ ते ५ मिलिसेकंद ठेवा. इथे आळशीपणा झाला तर शब्दाचं तोंड कापलं जातं. ह, स, श ही अक्षरं मुळातच क्षीण. "हरी म्हणा"चं "री म्हणा" होतं, आणि कीर्तनात ते कुणाला आवडणार?

होल्ड म्हणजे सिग्नल खाली आल्यावरही दार किती वेळ उघडं धरायचं, आणि रिलीज म्हणजे त्यानंतर किती सावकाश लावायचं. होल्ड २०० ते ३००, रिलीज ३०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, आणि वक्ते वयस्कर, थांबून थांबून बोलणारे असतील तर दोन्ही वाढवा. चाचणीसाठी मी एकच वाक्य वापरते. "मला हे मान्य नाही" हे कुणाला तरी शेवट गिळत म्हणायला लावते आणि मागच्या भिंतीला जाऊन ऐकते. हेडफोनमध्ये नाही, भिंतीपाशी.

भजनात पखवाजाला गेट लावायची वेळ येते, कारण त्याच्या माईकमध्ये शेजारचे टाळ जोरात घुसतात. इथे थ्रेशोल्ड कितीही चढवला तरी टाळांनीच गेट उघडतो. मिक्सरवर की-फिल्टर नावाची सोय असेल तर ती वापरा. गेटने उघडायचं की नाही हे ठरवताना कोणत्या पट्टीतला आवाज ऐकायचा, ते त्याने सांगता येतं. टाळांचा किणकिणाट वरच्या पट्टीतला, कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा खालच्या. फिल्टर ३०० हर्ट्झच्या खाली आणला की टाळ गेटला ऐकूच येत नाहीत. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत, पण रिलीज चांगली ४०० च्या पुढे, नाहीतर तो घुमारा अर्ध्यात तुटतो आणि पखवाज डब्यासारखा वाजतो. मात्र उजव्या पुडीचे नुसते हलके बोल या फिल्टरमधून सुटतात. त्यांच्यासाठी वेगळा माईक असेल तर त्यावर गेट नको.

घरून ऑनलाइन व्याख्यान करणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे. ओबीएस या रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज गेट टाकला की बंद व्हायची रेषा उणे ३२ आणि उघडायची उणे २६ अशी आधीच भरलेली असते. दोन रेषा असण्याचं कारण चांगलं आहे. एकच रेषा असेल तर तिच्या काठावरचा आवाज दार सारखा खडखडवतो. पण हे आकडे मृदू बोलणाऱ्याला फार वरचे आहेत. स्वतःचे दोन आकडे मोजून दोन्ही रेषा खाली घ्या, मधलं ६ डेसिबलचं अंतर राहू द्या.

परत सभागृहात या. चाचणी रिकाम्या सभागृहात झाली, आता तीनशे माणसं बसली आहेत. कुजबूज, खुर्च्यांची करकर, दारातून आत येणारा रस्ता. सूत्रसंचालक बोलायला लागला की पहिली दोन मिनिटं फक्त वक्त्यांच्या चॅनलवरच्या गेटच्या दिव्याकडे बघा. माईकजवळ कुणी नसताना तो लुकलुकत असेल तर थ्रेशोल्ड २-३ डेसिबल वर घ्या. वक्ते उभे राहिले आणि वाक्याच्या शेवटी दिवा विझतोय असं दिसलं, तर तेवढाच खाली. आणि दोन्ही एकदम होत असेल, तर गेट बंद करून पंख्याच्या बटणापाशी एक मुलगा उभा करा.